हिंग लावून

कुमठेकरांच्या निवृत्तीची पार्टी, माटुंग्यात.
तीन टेबलं जोडून पाणीपट्टी खात्यातले आम्ही अकराजण.
दहांनी ऑर्डर दिली एका दमात,
मी चष्मा लावला.

सांबारात हिंग कुठला?
वेटर हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.
हिंग म्हणजे हिंग, मॅडम.
नाही हो,
डबीतला हिंग म्हणजे नावाला हिंग
आणि बाकी पीठ,
हे मलाही शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं,
तोवर हजार वरणांना मीच फोडण्या दिल्या होत्या.

परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
‘थोडंसं चालेल’ हे वाक्य विसरा.
गव्हाचा कण म्हणजे कण.
तेव्हापासून सत्यनारायणाचा शिरा
हात जोडून परत करते
(देवाला कळतं, यजमानीणबाईंना नाही),
दुसऱ्यांच्या पोळपाटापासून चार हात लांब राहते,
आणि बारशाला, साखरपुड्याला
पर्समध्ये भाकरी नेते फडक्यात गुंडाळून,
चोरीचा ऐवज न्यावा तशी.

टेबलावर नेहमीचं सुरू झालं.
अगं, एका डोशानं काय होतंय.
आमच्या नणंदेला होतं तसलं, होमिओपथीनं गेलं.
बारीक मात्र छान झालीस हं.
कुमठेकर बिचारे मेन्यूकार्डाआड,
स्वतःच्याच पार्टीत पाहुण्यासारखे.
मी म्हटलं, मला फक्त कॉफी.

एकतीस वर्षं या खात्यात
मला कुणी हिंग लावून विचारलं नाही,
आणि आज मी हिंगाचं विचारलं
तर सगळं हॉटेल वळून बघतंय.

तेवढ्यात तो आतून आला.
तळहातावर पिवळी डबी.
माझ्यापुढे ठेवली, कोर्टात पुरावा ठेवतात तशी.
वाचा.
मी डबी फिरवली. बुडाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.
याच क्रमानं.
त्यानंही वाचलं, ओठ हलवत.
अर्धं आयुष्य सांबार वाढण्यात गेलेला दूमप्पा मोगवीर.
बराच वेळ डबीकडेच बघत म्हणाला,
हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मग, इतरांना ऐकू जाणार नाही असं:
मंगळवारी या, साडेतीनला.
तेव्हा तवा घासतात.

गेले. का गेले ते सांगता येणार नाही.
रिकामं हॉटेल, फरशीवरून फिरणारं ओलं फडकं,
आत विटेच्या तुकड्यानं तवा घासल्याचा आवाज,
दातांत शिरणारा.
दिवसाच्या पहिल्या रवा डोशासारखा नव्हे,
रवा डोशाच्या आधीचा, माझा.
नवं उलथनं, दांड्याला लाल दोरा,
म्हणजे दुसऱ्या कुणी उचलायचं नाही.
चटणी फोडणीविना. सांबार अर्थातच नाही.
तो समोर उभा, हाताची घडी,
मुलीचा निकाल लागायचाय तसा.

खरं सांगू? डोसा कडेला कच्चा होता.
बिनफोडणीची चटणी म्हणजे ओलं खोबरं आणि कर्तव्य.
मी सगळं खाल्लं.
बोटं धुवायला उठले नाही लगेच.

बिलामागे त्यानं कानडीत दोन शब्द लिहिले
आणि माझ्याकडून घोकून घेतले: गोधी बेडा.
गहू नको. कुठल्याही उडप्याकडे म्हणा.
म्हणत म्हणत किंग्ज सर्कलपर्यंत आले,
एका भाजीवाल्यानं विचारलं, काय पाहिजे?

रात्री तीनदा जाग आली.
अंधारात पोटाकडे कान लावून पडले,
शेजारच्या खोलीत बाळ निजलेलं असावं तशी.
काही नाही. बुधवारीही काही नाही.

पुढच्या मंगळवारी निघण्याआधी हॉटेलात फोन केला.
नाव सांगायला तोंड उघडलं,
पलीकडे भांड्यांचा खणखणाट,
आणि त्यातून तो ओरडला:
कोण, लाल दोरा?